मन मोकळं करायची खोली

आमच्या जव्हारच्या ऑफिसात मन मोकळं करण्यासाठी एक खोली आहे. तिला कुलूप असतं.

पूर्वी तिथे मागची पडवी होती. गरोदर बायांसाठी काम करणारी आमची लहानशी संस्था. मी ऑफिस सांभाळते, बाकीच्या जणी पाड्यांवर फिरतात. दुपारी ज्या परत आलेल्या असत त्या पडवीत चटई टाकून डबे उघडायच्या. नागलीची भाकर, सुकटीची चटणी, माझ्या घरची डाळ. डबा कुणाचा आणि खातंय कोण, याचा काही पत्ता नसायचा. सासूच्या आणि साहेबांच्या कागाळ्या सारख्याच चवीने व्हायच्या. एखादी आल्या आल्या गप्प बसली, की आधी तिच्यापुढे भाकर सरकवायची आणि मग विचारायचं, अशी आमची रीत होती. ती रडायची, जेवायची, नि दुसऱ्या दिवशी कामाला लागायची.

मग मुंबईच्या मुख्य ऑफिसला साक्षात्कार झाला की इथे माणसं टिकत नाहीत, त्यांच्या मनाकडे लक्ष दिलं पाहिजे. एक मॅडम आल्या. पडवीला भिंती घातल्या, आत सोफा आला, भिंतीवर सूर्योदयाचं चित्र आलं. सोफ्याला डाग पडतात म्हणून आत जेवायला बंदी. किल्ली साहेबांकडे, बसायचं तर आदल्या दिवशी सांगायचं. जेवण ज्याने त्याने आपापल्या टेबलावर. आजारापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच.

मोखाड्याकडची एक मुलगी तेव्हा आमच्यात होती. बायांशी त्यांच्याच बोलीत बोलायची, त्यामुळे दवाखान्याला घाबरणाऱ्याही तिचं ऐकायच्या. मी तिला पोरी म्हणायची. ती टिकावी असं मला मनापासून वाटायचं, स्वतःच्या धाकट्या बहिणीबद्दल वाटावं तसं.

तिने अशीच एक बाई समजावून बाळंतपणासाठी जव्हारच्या दवाखान्यात आणली. तिथून नाशिकला नेताना बाई वाटेतच गेली. दोन दिवसांनी ही तिच्या पाड्यावर घरच्यांना भेटायला गेली, तर त्या बाईच्या सासूने दार लावून घेतलं. तशीच ती ऑफिसला आली. ऐन जेवणाची वेळ, सगळ्या आपापल्या टेबलाशी मान खाली घालून. साहेब पालघरला मीटिंगला, किल्ली त्यांच्या खिशात. ती कुलपासमोर थोडा वेळ उभी राहिली, मग माझ्यापाशी येऊन म्हणाली, "ताई, माझ्यावर इस्वास ठेवून आली होती ती." हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. तिलाच लाज वाटली. मी उठेपर्यंत ती तोंड धुवायला निघून गेली, आणि बाहेर पायरीवर बसून राहिली. मी शेजारी जाऊन बसले, तर म्हणाली, "काय नाय ताई, जा तुम्ही." आत फोन वाजत होता, मी गेले.

महिनाअखेर आमचा उत्साह वाढवायला आम्हाला जवळच्या शिरपामाळावर सहलीला नेलं. मॅडमनी फुगे वाटले. मनातलं दुःख फुग्यात फुंकायचं आणि टाचणीने फोडायचं. फटाफट फुगे फुटले, टाळ्या झाल्या. मला इतका संताप आला की मी माझा फुगा पायाखाली चिरडला. मॅडमना तो उत्साह वाटला. ही पोरगी मात्र फुगा धरून बसलेली. म्हणाली, "फोडायचा कशाला? त्या बाईच्या पोरीला दिला असता. पन त्या घरात मला आता कोन घेतो?"

पुढच्याच महिन्यात तिने काम सोडलं. भिवंडीला गोदामात माल भरायला चालली होती. मी जव्हारच्या एसटी स्टँडवर गेले. विनवण्या केल्या, रागावले, शेवटी रडलेसुद्धा. तिने माझा हात धरला. "ताई, तिथं खोक्यात सामान भरायचा. खोका फुटला तरी कुनी मरत नाय." गाडी लागली, ती चढली.

मुंबईहून विचारणा झाली, तेव्हा साहेबांनी जास्त पगारासाठी गेली असं कळवलं. खोलीसाठी आता दुसरा सोफा येणार आहे.

तिच्या जागी नवी मुलगी आली. चांगली आहे, मनमिळाऊ आहे, मला ताईच म्हणते. विचारपूस केली की जीव लागतो, हे मला आता माहीत झालंय. परवा ती पाड्यावरून आली ती डोळे सुजवूनच. माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. मला सगळं दिसत होतं. मी तिच्याकडे महिन्याचा रिपोर्ट मागितला.