ज्योत म्हणाली, "येते!"

"मॅडम, ज्योतचं हीलिंग वाढवतोय. शुक्रवारी बिल्ड लॉक आहे, मग गेममध्ये काही बदलता येणार नाही."

निखिल माझा बॉस. मूळ पुण्याचा, बसतो बंगळूरला, आणि वयाने माझ्या धाकट्या भावापेक्षाही धाकटा. व्हिडिओ कॉलवर त्याचा चेहरा कधीच पूर्ण दिसत नाही. त्या दिवशी कपाळ आणि भुवया दिसत होत्या, आणि भुवयांचा रंग काही ठीक नव्हता.

"वाढवू नकोस," मी म्हटलं.

"तुमच्याच सोलापूरच्या मराठी टेस्टिंग रूमचा डेटा आहे. ज्योत ज्या टीममध्ये, ती टीम हरते."

"आणि तुमच्या बंगळूरच्या इंग्लिश रूममध्ये?"

"तिथे बरोबरीत चालतं."

"मग आजारी ज्योत आहे की सोलापूर?"

"तेच तर विचारतोय! चाचणीत हरणारा मराठी ऑडिओ मी सीझनमध्ये टाकू शकत नाही. एक तर ज्योतला ताकद देतो, नाहीतर मराठी आवाज काढतो. तुम्हीच सांगा."

कपाळ गेलं. स्क्रीन काळी झाली.

मी गेम टेस्टर आहे. नातेवाईक म्हणतात, ही बाई पन्नाशी उलटून गेली तरी पगार घेऊन खेळते. हा आरोप मला मान्य आहे, आनंदाने मान्य आहे. आमचा गेम म्हणजे सुपरहिरोंच्या दोन टीम एकमेकींवर तुटून पडतात. काही महिन्यांनी नवा सीझन येतो आणि त्यात नवे हिरो. या वेळी दोन होते. गारपीट नावाचा, दोन्ही हातांनी बर्फाचे गोळे फेकणारा एक दांडगट, आणि जखमा भरून काढणारी ज्योत.

हिरोंचे रोल तीन. लग्नघरातली माणसं डोळ्यांपुढे आणा. टँक म्हणजे मांडवाच्या दाराशी उभा राहून रुसलेले पाहुणे अंगावर घेणारा मामा. डॅमेज म्हणजे नवरदेवापुढे नाचून धुरळा उडवणारी पोरं. सपोर्ट म्हणजे वाढपी. तो असतो तोवर त्याच्याकडे कुणी बघत नाही, नसला की अख्खी पंगत ओरडते. या तिघांचा तोल राखायचा, याला आम्ही बॅलन्स म्हणतो. ज्योत ही वाढपी.

आता गोम अशी, की हीलिंगचा आकडा सगळ्या भाषांना एकच. सोलापूरसाठी वाढवला, तर बंगळूरची ज्योत असलेली टीम मरायचीच थांबणार. मॅच संपणारच नाहीत. आणि नाही वाढवला, तर कल्पनाचा आवाज जाणार.

कल्पना चिंचोळी एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटी बघते आणि सुट्टीच्या दिवशी नाटकात कामं करते. आम्ही दोघींनी एकत्र बरीच स्टेजं गाजवली आहेत, काही पाडलीही आहेत. ज्योतचा मराठी आवाज तिचा. मागच्या खोलीत भिंतींवर चादरी टांगून आम्ही तो रेकॉर्ड केला होता. मी तिला फोन करून निखिलचं म्हणणं सांगितलं.

"काढणार?" ती म्हणाली. "अगं, मी कंपनीच्या कँटीनमध्ये सगळ्यांना सांगून बसले हाय! सुपरवायझरच्या पोरानं कॉम्प्युटरमधी जागा मोकळी करून ठेवलीय."

"अजून काढला नाही. थांब जरा, ती टीम का हरते ते शोधते."

"मग शोध की लवकर!"

शोधायला बसले. पहिला संशय इरफानवर. आमच्या रूममध्ये ज्योत बहुतेक वेळा तोच खेळायचा. त्याला उठवून दुसऱ्यांना बसवलं. तरी हरलो. मग संशय गारपिटीवर. त्याला दोन्ही टीममधून काढलं. तरी ज्योतवालीच टीम हरली. मग नीट बघितलं तर कळलं की मरतो नेहमी टँक. तोही एकाच प्रकारे मरतो. गेममधल्या पुलावर एकटा, छाती काढून, शेवटपर्यंत उभा.

इतका शूर माणूस मी सोलापुरात पाहिलेला नाही. त्यामुळे मला शंका आली.

"उठ रे," मी टँक खेळणाऱ्या श्रीनिवासला म्हटलं. "तू डॅमेज घे. मी टँक होते."

"मॅडम, पुलावर लई मार बसतो."

"मी हौशी नाटकं केली आहेत. मार बसायची मला सवय आहे."

हेडफोन चढवला. मॅच सुरू झाली. मी पुलावर ढाल धरून उभी, पाठीशी इरफानची ज्योत. समोरून बर्फाचे गोळे. ढाल तडकली, माझं आयुष्य निम्म्यावर आलं. मागे सरणार, तेवढ्यात कानात कल्पनाचा गोड, भरघोस आवाज आला, "येते!"

आली गं बाई! मी पाय रोवले. एक गोळा, दुसरा गोळा. येतेय, येतेय. मी ढालीशिवाय उभी. येतेय. तिसरा गोळा थेट कपाळावर. मेले.

"इरफान!" मी ओरडले. "कुठे होतास?"

"मैं तो निकल गया था ना मॅडम! पीछे श्रीनू मर रहा था, उसके पास उडी मारी."

"अरे, पण ती 'येते' म्हणाली!"

"हां, तो? जाताना म्हणतात तशी म्हणाली."

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, अगदी अंक संपल्यावर मुकुट ठेवतात तसा.

ज्योतकडे एक उडी आहे. बटण दाबलं की ती शेजारच्याला सोडून लांबच्या जखमी सोबत्याकडे जाते. बाकीच्यांना कळावं म्हणून गेम तिच्या तोंडून आपोआप एक वाक्य बोलतो. इंग्लिशमध्ये ती सरळ 'निघाले' असं सांगते. मराठी स्क्रिप्टमध्ये होतं, 'जाते!' रेकॉर्डिंगच्या दिवशी कल्पनाने तो कागद वाचला आणि खाली ठेवला.

"मी हे न्हाय म्हणणार. एवढी मारामारी चाललीय, माणूस रक्तानं भिजलाय, आन त्याच्या तोंडावर 'जाते' म्हणू? अशुभ असतं ते. 'येते' म्हणतात."

आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. अगदी मनापासून. बाहेर पडताना 'जातो' म्हणत नाहीत, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, ते अंगात आहे. श्रीनिवासच्या घरी तेलुगू बोलतात, तेही निघताना 'वस्तानु' म्हणजे 'येतो' म्हणतात. अक्कलकोटकडची माझी वहिनी 'बरतीनी' म्हणून उठते, त्याचाही अर्थ तोच. मराठी, तेलुगू, कानडी, तिन्हींत जाणारा माणूस येतोच. मग चूक सापडणार कशी?

"पण मॅडम," श्रीनिवास म्हणाला, "घरी कुणी 'येतो' म्हटलं तर आपण फसत नाही."

"कारण घरी तो चपला घालताना दिसतो," मी म्हटलं. "इथं ज्योत तुझ्या पाठीमागे. तुला चपला दिसत नाहीत, नुसतं 'येते' ऐकू येतं."

खात्री करायला, हे माहीत नसलेल्या एकाला टँकवर बसवून, सगळ्या हिरोंचे आवाज बंद करून खेळलो. टँक वेळेवर भिंतीआड पळाला, मॅच बरोबरीत गेली. आणखी खेळलो. तसंच. आवाज परत चालू केला आणि टँक पुन्हा पुलावर हुतात्मा. मी निखिलला कॉल लावला. या वेळी नाक आणि हनुवटी आली.

"निखिल, सुट्टी संपवून तू आईच्या घरून निघतोस, तेव्हा तिला काय म्हणतोस?"

"काय म्हणजे? 'येतो' म्हणतो."

"मग ती काय करते? दारातच उभी राहते, आता आत येईल म्हणून?"

"छे! ती आत जाऊन टीव्ही लावते."

"आमचा टँक दारातच उभा राहतो."

हनुवटी खाली गेली आणि पहिल्यांदाच निखिलचा संपूर्ण चेहरा दिसला. बरा आहे तसा दिसायला. तो इतका हसला की मागून कुणीतरी डोकावून गेलं.

"मग 'जाते' करून टाका, मॅडम. हीलिंगला मी हात लावत नाही."

सांगणं सोपं होतं. कल्पना शिफ्ट संपवून कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच आली आणि मायक्रोफोनसमोर उभी राहिली. 'जाते'ला तिची साफ ना. "निघते" म्हणून बघितलं. गोळीबारात तेही 'येते'च ऐकू आलं, शेवट एकच ना! "चालले" म्हटलं तर इरफान म्हणाला, काम चाललंय असं वाटतं. कॉलवर निखिल घड्याळ बघत होता.

"एक सांग," कल्पना मला म्हणाली, "ही बाई त्या पुढच्या गड्याला नेमकं सांगती काय?"

"की मी आता इथे नाही. तू स्वतःला सांभाळ."

"मग तसंच म्हणू की!"

आणि तिने चादरी हलतील अशा आवाजात आरोळी ठोकली, "तुमचं तुमी बघा!"

श्रीनिवास खुर्चीत मागे सरकला. खरंच सरकला. त्याच्या हातात माऊसही नव्हता.

"अहो, 'तुमी' की 'तुम्ही'?" निखिलने विचारलं.

"एवढ्या गोळीबारात तो ह ऐकू येतो व्हय, साहेब?"

आम्ही नवा आवाज टाकून खेळलो. पुलावर ढाल तडकली, ज्योत गरजली, आणि टँक शेपूट घालून भिंतीआड पळाला. ज्योतची टीम कधी जिंकली, कधी हरली, जशी बंगळूरला हरायची-जिंकायची तशीच. हीलिंगचा आकडा होता तिथेच राहिला. शुक्रवारी बिल्ड लॉक झाला, मराठी आवाजासकट.

सीझन सुरू झाल्यावर तक्रारी आल्या. गेममध्ये तक्रारी येतातच. गारपीट फार मारतो, ही एक. आणि दुसरी खास आमच्याकडची: मराठी ज्योत उद्धट आहे. निखिलने विचारलं, जरा मऊ करायची का? मी कल्पनाला विचारलं. ती म्हणाली, पुलावरची माणसं जगतायत ना? मग उद्धट तर उद्धट.

इतकी वर्षं या धंद्यात काढून मी एवढं शिकले, की एखादा हिरो कमजोर वाटला तर लगेच त्याची ताकद वाढवायला धावू नये. आधी तो बोलतो काय, ते कानाला हेडफोन लावून ऐकावं. जमल्यास, मार खाणाऱ्याच्या जागी उभं राहून ऐकावं.