उसनं रेडकू

राहू गावच्या माझ्या साडूंनी मला फसवलं. म्हैस विकताना फसवलं, तेही पुरणपोळी खाऊ घालून. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझ्या हातून त्यांच्याविषयी चार बरे शब्द लिहिले जातील, आणि त्यावरून मी ते विसरलो असं कुणी समजू नये. मी निमोण्याचा. एका शेळीवर धंदा सुरू केला आणि जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवताना भल्याभल्यांना घाम फोडला. अशा माणसाला फसवणारा माणूस उभ्या जिल्ह्यात एकच जन्माला आला, आणि तो नेमका माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला मिळाला.

साडू कधी खोटं बोलत नसत. त्यांना गरजच पडत नसे. खऱ्यातला सोयीचा भाग तेवढा ते बोलत आणि उरलेल्या ठिकाणी डोळ्यांत पाणी आणत. एसटीत चढले की कंडक्टरच्या पोराबाळांची चौकशी सुरू होई, ती इतकी मनापासून की चौफुला येईपर्यंत तिकिटाचा विषय काढायची त्या बिचाऱ्याला लाज वाटे. दौंड तालुक्यातल्या कुठल्याही लग्नात ते जिलबीचं ताट घेऊन पंगतीत फिरत. मुलीकडच्यांना वाटे हे मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटे हे मुलीकडचे. एकदा एका नवरीचा मामा वेळेवर पोचला नाही, तर हे तिच्या पाठीशी मामा म्हणून उभे राहिले आणि मामाचा फेटा बांधून घेतला. खरा मामा धापा टाकत आला तेव्हा नवरी ह्यांच्याच गळ्यात पडून रडत होती. घरी आल्यावर मेव्हणीनं विचारलं, "कुणाचं लगीन हुतं?" तर म्हणाले, "नाव इचारायचं ऱ्हायलं. पर पोरगी लई गुणाची."

म्हशीचा प्रकार असा. डाव्या शिंगाचं टोक मोडलेली ती म्हैस त्यांनी मला ताजी व्यालेली म्हणून दाखवली. कास भरलेली, शेजारी गोजिरवाणं रेडकू. बाजारात मी चारही सडांची धार काढल्याशिवाय बोट पुढे करत नाही. पण पाव्हण्याच्या गोठ्यात, पोटात सहा पुरणपोळ्या घेऊन, मी कासेला हात लावणार कसा? उलट भाव पाडून घेतला म्हणून मनातून खूश होऊन घरी आलो. दुसऱ्या दिवसापासून म्हैस रेडकाला लाथा घालू लागली. तिसऱ्या दिवशी दूध पेलाभर झालं. दोन वेळा धार न काढता कास तुंबवून ठेवलेली, आटत आलेली म्हैस होती ती. चौथ्या दिवशी राहूहून एक म्हातारी दारात उभी. "आमचं रेडकू द्या. तुमच्या साडूंनी दोन दिसांसाठी मागून आनलं हुतं."

त्या दिवशी मी बायकोला सांगितलं, त्या माणसाचं तोंड पाहणार नाही. म्हैस पुढे मी काढून टाकली. कशी काढली, ते इथं सांगण्यासारखं नाही.

आणि असल्या माणसावर देवाची माया किती असावी! पाणाड्यानं दाखवलेली जागा सोडून त्यांनी बोअर घेतली ती लिंबाच्या सावलीत, का, तर "बघत बसायला बरं." तिथं पाणी धोधो. मी विधिवत नारळ फोडून घेतलेल्या तिन्ही बोअरमधून नुसता फुफाटा उडाला. कोरेगावजवळ टेम्पो उलटला, सगळे दवाखान्यात. साडू कांद्याच्या गोण्यांवर पडले होते ते पडलेच राहिले, लोकांनी त्यांना झोपेतून उठवलं. मी एक एकादशी चुकवली नाही, गळ्यातली माळ काढली नाही. त्यामुळे साडूंपेक्षा पांडुरंगावरच माझा राग जास्त साठत गेला.

दोन वर्षांनी आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहात तो फुटायची वेळ आली. सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नसते. एकजण गळ्यात अडकवून उभा राहतो, दोन तासांनी दुसरा घेतो. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि देणारा घेणाऱ्याच्या. सहाव्या दिवशी सकाळचा पहारा माझा होता. माझ्यानंतरचे आप्पा तापानं फणफणले होते, आणि पहाऱ्याची पाटी लिहिणाऱ्या मास्तरांनी, आलेल्या पाव्हण्याला मान म्हणून, त्यांच्या जागी साडूंचं नाव घातलं.

साडू स्वच्छ धोतर नेसून, डोळ्यांत पाणी आणून समोर उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले. पहिले पाच दिवस राबलो आम्ही, आणि हे काल रात्री येऊन मानाला उभे! वर मी त्यांच्या पाया पडायचं? मी जोरात "रामकृष्णहरी" म्हणत उभाच राहिलो. दोनाचे तीन तास झाले, तिनाचे चार. पंगती उठल्या. पायांत गोळे आले, मांड्या थरथरू लागल्या, तशी बायाबापड्यांत बातमी पसरली की ह्यांची समाधी लागली. गर्दी करून लोक माझ्या पाया पडू लागले. कुणी हार घातला. फक्त माझी बायको कानाशी येऊन पुटपुटली, "ही भक्ती न्हाई, हेका हाय. पडाल तोंडावर."

साडू समोरून हलले नव्हते, जेवलेही नव्हते. मग ते जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही भिगवनच्या बाजारात इकलेली म्हैस मोडक्या शिंगावरनं वळखली बरं का मी. घेनारा मानूस माझ्याकडं आलता तुमचा पत्ता इचारत. म्हनला, निमोण्याच्या बाबानं दुसऱ्याचं रेडकू लावून म्हैस गळ्यात मारली."

माझ्या हातातल्या वीणेची तार आपोआप वाजली.

"मी म्हनलो, आमचा साडू तसला न्हाई. माळकरी मानूस हाय, जनावरानंच त्याला फसवलं आसंल. त्याचं पैसं दिलं, म्हैस ठिवून घेतली. कुनाला बोललो न्हाई, तुमच्या मंडळीलाबी न्हाई."

"मग? म्हैस हाय कुठं?" मी डोळे उघडून विचारलं.

"दावनीला. गाभन हुती, पाव्हणं. व्याली की! दोन्ही येळचं मिळून बारा लिटर देतीया."

म्हणजे ती गाभण होती हे मलाही, विकताना, कळलं नव्हतं! माझी अब्रू झाकायला त्यांनी म्हैस परत घेतली, की पोटाला हात लावून पाहिल्यावर अब्रू आठवली, ते पांडुरंगालाच माहीत. मी संतापानं काहीतरी बोलणार, तोवर साडू भर मंडपात माझ्या पायांवर डोकं ठेवून मोकळे झाले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या अंगठ्यावर पडलं. गरम होतं. मग माझे गुडघेच वाकले. लोक म्हणतात मी त्यांच्या पाया पडलो. मी म्हणतो पायांत गोळे आले होते. वीणा मात्र त्यांच्या गळ्यात गेली, आणि पुढचे दोन तास तो माणूस हू की चू न करता उपाशी उभा होता.

साडू गेले तेही कार्तिकी एकादशीला. एरवी खिचडीपुरता उपास धरणारा माणूस. दोन बशा संपवल्या, तिसरी मागितली आणि खांबाला टेकून गेला. जे मरण यावं म्हणून मी जन्मभर उपास काढले, ते ह्यांना खिचडी गार व्हायच्या आत मिळालं.

आता सप्ताहात माझा पहारा संपत आला की पुढचा माणूस हमखास उशीर करतो. मी वीणा घेऊन मंडपाच्या दाराकडे बघत राहतो. पांडुरंगा, त्या माणसाला तू पाणी का दिलंस, दूध का दिलंस, एकादशी का दिलीस, ते विचारायचं मी सोडून दिलंय. माझ्याही रेडकाबद्दल तू कधी काही बोलला नाहीस. पण ज्यानं मला फसवलं त्याचीच वाट बघायला तू मला असं उभं करून ठेवलंस, त्याचा जाब मला हवा आहे. मी इथंच उभा आहे.