बाजारच्या दिवशी गाळलेली बातमी

जुन्नरच्या पेठेत आमचं शिवणकामाचं दुकान होतं. पुढे यांचं मशीन, मध्ये पडदा आणि पडद्यामागे काजं-बटणं करायला मी. लग्न होऊन आल्यापासून जगातलं जे काही मला कळलं, ते त्या पडद्यातून गाळून आलेलं. रविवारच्या बाजाराला पुण्याच्या एसटीतून वर्तमानपत्र यायचं आणि खेड्यांवरची माणसं आमच्या ओट्यावर ते ऐकायला जमायची. वाचायचे आमचे हे. शिरस्ता असा की पहिल्या पानावरची एक ओळ सोडायची नाही. केसांच्या तेलाची जाहिरातसुद्धा लोक मान डोलवत ऐकायचे आणि तिच्यावर वाद घालायचे.

त्याच ओट्याच्या कडेला एक चिनी कापडवाला बसायचा. पाठीवर गाठोडं बांधून गावोगाव रेशमी तुकडे विकत फिरायचा. लहानपणीच बापाबरोबर बोटीने कलकत्त्याला आलेला. मला भाभी म्हणायचा आणि चोळीच्या कापडात कधी हातभर जास्तच द्यायचा.

तेव्हा दोस्तीचे दिवस होते. वर्तमानपत्रात चीनचं कोण कौतुक! तिकडे धरणं झाली, गावोगाव लोखंडाच्या भट्ट्या पेटल्या, माश्यासुद्धा उरल्या नाहीत. ओट्यावरच्यांना वाटायचं, हे सगळं ह्या कापडवाल्याने एकट्यानेच करून ठेवलंय. "पावणं, तुमच्याकडं माशीच नाय म्हणं?" कुणी विचारलं की तो नाकावरची माशी हाकलत "हां, हां" म्हणायचा. मी पडद्याआड तोंडात पदर कोंबून हसायची. त्याने आपला देश आमच्याइतकाच पाहिला होता, म्हणजे यांच्या वाचनातून. चहा मात्र त्याला दर बाजारी फुकट मिळायचा.

पुढे वारं फिरलं. नकाशे छापून यायला लागले, हद्दीत घुसल्याच्या बातम्या यायला लागल्या. कालपर्यंत जी माणसं कष्टाळू होती ती आता कावेबाज झाली. मला भयंकर राग यायचा, पण काढायचा कुणावर? सरहद्दीवर आपली पोरं खरंच मरत होती. बातमी खोटी म्हणायची सोय नव्हती, आणि चिनी म्हटलं की सगळ्यांसमोर चेहरा एकच, ओट्याच्या कडेचा. त्याचा चहा बंद झाला. बायका तुकडा हातात घेऊन पुन्हा खाली ठेवायला लागल्या.

एका रविवारी, कापडवाला कडेला बसलेला असताना, यांनी पेपर उघडला आणि वाचता वाचता एके ठिकाणी थबकले. मग घसा खाकरून एकदम खालच्या उसाच्या बातमीवर गेले. माझ्या हातातली सुई तिथेच थांबली. त्यांनी काय केलं ते मला पानाकडे न बघताच कळलं.

राजुरीच्या एका शेतकऱ्यालाही कळलं. "मास्तर, मधलं ऱ्हायलं की! आपलं शिपाई मारल्याचं. नारायणगावात आत्ताच ऐकून आलो मी."

त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. पण दुसऱ्याने हळूच विचारलं, "गाळलं कशापायी वं?"

सगळ्या माना यांच्याकडे वळल्या. आम्ही मुसलमान, त्यात माझे दोन दीर फाळणीत कराचीला गेलेले. गावाने ते कधी तोंडावर बोलून दाखवलं नव्हतं, पण आम्ही ते एक दिवस विसरलो नव्हतो. यांनी पान पुन्हा वर घेतलं आणि ती बातमी वाचली. नेहमीपेक्षा मोठ्याने वाचली. लबाड, दगलबाज, विश्वासघातकी, जे जे छापलं होतं ते सगळं, एकेक शब्द सुटा करून. मला वाटत होतं, बाहेर जावं आणि तो कागद हिसकावून घ्यावा. मी काजच घालत राहिले. दुसरं काय करणार होते?

वाचून झालं तशी माणसं पांगली. कापडवाल्याने तुकडे नीट घड्या घालून बांधले, गाठोडं पाठीवर घेतलं आणि यांच्याजवळ आला.

"मास्टर, अच्छा किया," तो म्हणाला. "पढना पडता है."

तो जरा वेळ उभाच राहिला. तो कशासाठी थांबलाय हे यांना कळत होतं, मलाही कळत होतं. पुढच्या बाजारी ये, एवढंच म्हणायचं होतं. हे खाली वाकून मशीनच्या चाकाला तेल घालायला लागले.