फळीपलीकडची रेघ

माझं शिवणाचं दुकान आणि रेघकाकांचं दुरुस्तीचं दुकान मुळात एकच गाळा. मालकाने मध्ये लाकडी फळ्या ठोकल्या आणि एका भाड्याच्या जागेत दोन भाडेकरू कोंबले. फळ्याही अशा की कुठे बोटभर फट, कुठे गाठ निखळून पडलेलं भोक. इकडे मी पँटी आखूड करायची, चेन बदलायची. तिकडे काका अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर उघडून बसायचे. त्यांचं खरं नाव दुकानावरच्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतो? ते कायम एका जुन्या यंत्राच्या हिरव्या पडद्यावर नाचणारी रेघ बघत असायचे, म्हणून अख्खी गल्ली त्यांना रेघकाका म्हणायची.

मला तोंड गप्प ठेवणं जमत नाही. घरी बोलायला कोणी नाही, म्हणून दुकानात बोलते. मशीनवर बसलं की माझा तोंडाचा पट्टा सुरू होतो आणि तो ऐकायला फळीपलीकडे काका. एखादं गिऱ्हाईक कसं अंगात बसत नसलेला कोट माझ्याच माथी मारायला बघतं, समोरचा औषधवाला कसा शेजाऱ्यांच्या भानगडीत नाक खुपसतो, असलं सगळं पुराण मी लावायची आणि पलीकडून "हो ना", "बरोबर आहे" किंवा "असंच असतं" यातलं काहीतरी यायचं. माणसाला आणखी काय लागतं? माझ्या नवऱ्याने हयातीत एवढंही केलं नाही.

काकाही एकटेच. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी दुसऱ्या शहरात, भल्या मोठ्या कुटुंबात. ती फोन करून मागे लागायची, "बाबा, आता पुरे, इकडे या." शेवटी दोघांत ठरलं होतं, काम नीट जमतंय तोवर काका इथे राहणार, हात चुकायला लागला की मुकाट्याने तिकडे जाणार. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा वर म्हणाले होते, "ताई, तिथे मला एक खोली देणार आहेत. उन्हाची. खोलीत बसून मी काय करू, ऊन मोजू?"

गेल्या वर्षी जुन्या यंत्राचा पडदा पार मंदावला आणि काकांनी नवा डिजिटल ऑसिलोस्कोप आणला. ऑसिलोस्कोप म्हणजे विजेची चाल रेघ काढून दाखवणारं यंत्र. आवाजसुद्धा तारेतून विजेच्याच रूपात जातो, त्यामुळे तोही त्यात दिसतो. औषधवाला म्हणाला, म्हाताऱ्याला या वयात खेळणं सुचलंय. मी हातातलं काम टाकून बघायला गेले. काकांनी ते खोक्यातून असं काढलं, जसं काही घरात नवं मूल आलंय. जेवणाच्या डब्याएवढी जाडी, पुढे रंगीत पडदा, उजवीकडे बटणांची नुसती जत्रा.

"आधी याचा प्रोब जुळवायचा," काका म्हणाले. प्रोब म्हणजे टोकाला चिमटीसारखा आकडा असलेली जाड वायर. तिचा आकडा त्यांनी यंत्राच्याच पुढच्या बारक्या कडीत अडकवला, काळी चिमटी खालच्या कडीला लावली. पडद्यावर चौकोनी दातांची रेघ आली. दातांचे कोपरे मात्र जरा गोलावलेले. काकांनी प्लास्टिकचा इवलासा पेचकस घेऊन प्रोबच्या पोटातला स्क्रू केसभर फिरवला. कोपऱ्यांना शिंगं फुटली. मागे फिरवला, परत गोल. होता होता कोपरा असा आला, जसा मी कॉलरचं टोक उलटवल्यावर येतो.

"आता हे खोटं बोलणार नाही," काका म्हणाले. "पण आपणही त्याच्याशी खरं बोलायचं. हे बघ." प्रोबवर नखाने सरकवायचं एक बटण होतं, एकपट आणि दहापट. दहापटवर ठेवलं की वायर विजेचा दहावाच हिस्सा आत सोडते. तसं यंत्राच्या मेनूतही दहापट म्हणून सांगावं लागतं, मग ते दहाने गुणून खरा आकडा दाखवतं. "एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं ठेवलं की संपलं. जुन्या यंत्राला ही कटकट नव्हती."

"आणि हे ट्रिगर का काय लिहिलंय ते?"

मी विचारत होते आणि काका माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. त्यांची ती सवयच. मला वाटायचं, काय सभ्य माणूस आहे, बोलणाऱ्याकडे पूर्ण लक्ष देतो.

"रेघ कधी काढायची ते ठरवणारं आहे ते. ऑटोवर ठेवलं तर काही आलं नाही तरी उगाच रेघा ओढत बसतं. नॉर्मलवर ठेवलं की आपण सांगितलेल्या पातळीच्या वर काही आलं तरच नवी रेघ. नाहीतर शेवटची रेघ धरून वाट बघत राहतं."

"शहाणं आहे की. आपल्या औषधवाल्याला बसवून घ्या ते," मी म्हणाले, आणि काका मनापासून हसले.

खरं सांगायचं तर त्याआधी काही महिने काका जरा तुटक झाले होते. मी तासभर बोलावं आणि पलीकडून चकार शब्द येऊ नये. मी रुसले होते त्यांच्यावर. नवं यंत्र आलं आणि माणूस पुन्हा खुलला. माझं वाक्य संपायचा अवकाश, फळीतून "हो ना" हजर. एकदा तर मी तोंडही उघडलं नव्हतं, नुसतं मशीन चालवत होते, तरी "बरोबर आहे" आलं. मी पोट धरून हसले. वय झालं, म्हटलं.

त्याच दिवसांत मी त्यांना ती गोष्ट सांगितली. माझ्या मुलाचं लग्न झालं तेव्हा मी गल्लीत सांगितलं होतं की लांबचा प्रवास आहे, माझे गुडघे धरलेत, मी जात नाही. ते खोटं होतं. त्याने मला बोलावलंच नव्हतं. विसरला नव्हता, ठरवून बोलावलं नव्हतं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी एका नवरदेवाचा कोट उसवायला घेतला होता, आणि काय झालं कोण जाणे, मशीन थांबवून मी फळीकडे तोंड करून सगळं बोलून टाकलं. मध्ये मध्ये थांबत होते. प्रत्येक वेळी पलीकडून हळू आवाजात आलं, "असंच असतं." कोणी दुसरा असता तर कारण विचारलं असतं, उपदेश पाजला असता. काकांनी काही विचारलं नाही. त्या रात्री मला खूप दिवसांनी झोप लागली.

मग ती दुपार आली. मी एका झग्याला टाके घालत होते आणि एकाएकी कानात सुई खुपसल्यासारखी शिट्टी सुरू झाली. थांबेचना. दात शिरशिरायला लागले. समोर औषधवाल्याच्या दारात कुणाचं तरी मूल किंचाळून रडायला लागलं. औषधवाला कानात बोटं घालून रस्त्यावर आला. मी फळीवर धपाधपा बुक्क्या मारल्या, "काका, बंद करा ते!" उत्तर नाही. वाटलं, माणूस पडलाबिडला की काय आत. तशीच धावत पलीकडे गेले.

काका दाराकडे पाठ करून चहा पीत होते. टेबलावर सभागृहाचा मोठा अ‍ॅम्प्लिफायर, त्याला जोडलेला स्पीकर, आणि यंत्राच्या पडद्यावर एकसारखी सुरेख लाट. माझी सावली टेबलावर पडली तसे ते वळले आणि हसले.

"ये, ये ताई. बघ लाट कशी स्वच्छ आली आहे. बारीक सुराचा स्पीकर जळला होता, बदलला. आता जरा वेळ चालू ठेवून बघतोय. अगदी हळू ठेवलाय हं आवाज, एकच व्होल्ट. म्हटलं तुला त्रास नको."

मी दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होते.

काकांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग माझ्या मागे आलेल्या औषधवाल्याच्या कानातल्या बोटांकडे. त्यांचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, तिथे एकच व्होल्ट होता. प्रोबवरचं बटण बघितलं, ते दहापटवर होतं. मेनू उघडला, तिथे एकपट होतं. त्यांनी बटण दाबून मेनूत दहापट केलं, आणि पडद्यावरचा एक हा आकडा दहा झाला. मग त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला. गल्ली एकदम गप्प झाली.

"काका, ऐकू येत नाही का हो तुम्हाला?" औषधवाला ओरडला. रागाच्या भरात कुणीही म्हणतं तसं तो म्हणाला. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो आ वासून उभा राहिला. मी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लोटलं.

"वरचे सूर तर कधीच गेले," काका म्हणाले. "बोलणंही समोर तोंड दिसलं तरच कळतं. हे यंत्र होतं म्हणून निभत होतं. कानाने नाही तर डोळ्याने. आज चुकलो. काल मेनू एकपटवर केला होता, माइकसाठी, तो परत फिरवायचा राहिला."

"कसला माइक?"

ते फळीकडे बघायला लागले. त्यांच्या नजरेच्या रोखाने मी बघितलं. फळीतल्या निखळलेल्या गाठीच्या भोकाला, बरोबर माझ्या मशीनच्या उंचीवर, पावट्याएवढा माइक चिकटवलेला होता. त्याची वायर फळीवरून, टेबलाखालून, यंत्रापर्यंत आली होती.

"ट्रिगर नॉर्मलवर ठेवतो," काका खाली बघून म्हणाले. "तू बोललीस की रेघ हलते. हलायची थांबली की मी काहीतरी म्हणतो. सुरुवातीला तुझ्या मशीनलाच उत्तरं देत होतो. मग फरक कळायला लागला. मशीनची लाट एकसारखी असते. तुझी नसते."

मला रडू आलं नाही, संताप आला. मी त्यांची बाही ओढून त्यांना माझ्या तोंडाकडे बघायला लावलं. "म्हणजे मी एवढं बोलले त्यातलं एक अक्षरही तुम्हाला कळलेलं नाही?"

"नाही."

"मग हो ना, बरोबर आहे, कशाला म्हणत होता?"

"मी काही म्हटलं नसतं तर तू बोलायची थांबली असतीस," काका म्हणाले. "दिवसभरात तेवढीच एक रेघ हलायची ताई. बाकी सगळी दुरुस्तीची."

मी स्टुलावर बसले. काका बराच वेळ प्रोबची वायर हाताला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "एक विचारू? मध्यंतरी एकदा तू खूप वेळ बोललीस. मशीन बंद होतं. रेघ फार बारीक येत होती, पातळी खाली आणावी लागली. थांबत थांबत बोलत होतीस. मी 'असंच असतं' म्हणालो. चुकलं नाही ना काही?"

ते माझ्या ओठांकडे डोळ्यांत तेल घालून बघत होते. मी सांगू शकले असते. तोंड समोर होतं, ऐकणारा समोर होता. पण फळीला सांगितलेलं माणसाच्या तोंडावर सांगायला माझी जीभ रेटेना.

"नाही चुकलं," मी म्हणाले. "दोरा सारखा तुटतोय म्हणत होते."

काकांनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

औषधवाल्याने त्यांच्या मुलीला फोन केला. काळजीपोटी केला, म्हणतो. सभागृहवाले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन गेले आणि नंतर काकांच्या दारात कुणी स्पीकर आणून ठेवला नाही. मुलगी आली. बोलायला गोड होती, वडिलांचं सामान नीट कपड्यात गुंडाळून भरत होती. मी भांडायच्या तयारीने गेले होते, "काम जमतंय त्यांना, एक बटण चुकलं" म्हणून सांगणार होते. काकांनीच हाताने मला थांबवलं. म्हणाले, "ठरलं होतं तसंच झालं."

माइक त्यांनी स्वतः काढला आणि फळीवर राहिलेला चिकटपणा बोटाने घासून साफ केला. यंत्र खोक्यात ठेवताना मी त्यांच्यासमोर जाऊन सावकाश म्हणाले, "तिकडेही लावा की हे. तिथे बोलणारे भरपूर आहेत."

"तिथे सगळे एकदम बोलतात," काका म्हणाले. "कुणाची रेघ ते कळायचं नाही. आणि त्यातली माझ्यासाठी कुठली, तेही नाही."

आता पलीकडे चपला विकणारा एक माणूस आला आहे. वागायला चांगला आहे. पहिल्याच दिवशी मी सवयीने मशीनवर काहीतरी पुटपुटले, तर फळीतून लगेच आवाज आला, "काही म्हणालात का, मावशी?" त्याचे कान उत्तम आहेत, फटीतून शब्दन् शब्द जातो.

मी म्हणाले, "नाही." तेव्हापासून मी तोंड मिटून शिवते.