निळ्या टाइल्सची मुतारी

स्टेशन रोडवर रंगूबाईला पाणी पिताना कुणी पाहिलेलं नव्हतं. घोटीपलीकडच्या एका पाड्यावरून ती लग्न होऊन या गावात आली, आणि नवरा गेल्यावर स्टेशन रोडला टोपली मांडून बसू लागली. करवंदं, पेरू, उकडलेल्या शेंगा, ज्या दिवसांत जे मिळेल ते. सकाळच्या पॅसेंजरपासून संध्याकाळच्या पॅसेंजरपर्यंत बसायचं, आणि त्या अख्ख्या रस्त्यावर बाईमाणसाला साधा आडोसा नाही. म्हणून घोटभर पाण्यानं ओठ ओले करायचे आणि दिवस ढकलायचा. अशानं मुतखडा झाला, सिव्हिलमध्ये पडून राहावं लागलं.

बायकांची मुतारी बांधा म्हणून तिनं नगरपालिकेचे उंबरे झिजवले. नगराध्यक्ष सावळीराम तात्या दरवेळी मान हलवायचे आणि चहा मागवायचे, स्वतःसाठी. मग तात्या नगरसेवकांचं लटांबर घेऊन पोर्तुगालला अभ्यासदौऱ्यावर गेले. अभ्यास कसला, तर तिथली छोटी गावं आपापल्या नगरपालिका आणि लोकल गाड्या कशा चालवतात याचा. परत आल्यावर चौकात पडदा लावून फोटो दाखवले. दोन डब्यांची गाडी, तीही वेळेवर येणारी. गाव आपल्याहून लहान, पण स्टेशन लख्ख, भिंतीवर निळ्या टाइल्सची चित्रं आणि त्यांत द्राक्षं तोडणाऱ्या बायका. द्राक्षं तर आपलीच की, असं तात्या म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

तिथं बायकांना मुतारी होती का, असं रंगूबाईनं उभं राहून विचारलं. होती, चकाचक होती, असं तात्यांनी हसत सांगितलं. एवढं बघून आलेल्या माणसाला आपल्या स्टेशन रोडची लाज कशी वाटली नाही, याचीच तिला किळस आली.

टाइल्सच्या नादानं का होईना, मुतारी मात्र झाली. बाहेरच्या भिंतीवर निळी द्राक्षं, निळ्या बायका. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी रंगूबाईनं टोपलीशेजारी बसून तांब्याभर पाणी एका दमात संपवलं. शेजारची फुलवाली सविता बघतच राहिली.

आठ दिवस गेले नाहीत तोच निळ्या बायकांच्या तोंडावर गुटख्याच्या पिचकाऱ्या दिसायला लागल्या. लाल ओघळ पार खालपर्यंत. नगरपालिकेनं त्यावर आपला नेहमीचा तोडगा काढला. जिन्याच्या कोपऱ्यात लावतात तशा देवांच्या टाइल्स आणून त्या भिंतीवर ओळीनं चिकटवल्या. थुंकणं खरंच थांबलं. गावाला स्वच्छतेची चाड नव्हती, देवाची भीती तेवढी होती.

मग कुणीतरी गणपतीच्या टाइलला जास्वंद वाहिलं. कुणी अगरबत्ती खोचली, कुणी नारळ फोडला. लोक चपला काढून हात जोडू लागले. आणि ज्यांची तोंडं कालपर्यंत गुटख्यानं भरलेली होती, तेच म्हणायला लागले, देवाच्या पाठीमागं बायका जातात, हे शोभतं का? देवांच्या टाइल्स काढायची तात्यांची छाती झाली नाही. त्यांनी मुतारीला कुलूप लावलं आणि भिंतीपुढं संगमरवरी पायरी बसवली.

रंगूबाई भांडायला गेली, तर देवाधर्माचं काम आहे, जरा सबुरीनं घ्या, असं तिलाच ऐकवलं गेलं. तिचा तांब्या पुन्हा घरी राहू लागला.

संकष्टीला तिथं आरती झाली. तात्या सोवळं नेसून पळीनं तीर्थ वाटत होते. टोपली घेऊन चाललेली रंगूबाई त्यांना दिसली.

"या रंगूबाई, तीर्थ घ्या. देवाला नाही म्हणू नये."

रंगूबाईनं टोपली खाली ठेवली, देवाला हात जोडले. तळहात मात्र पुढं केला नाही.

"देवाला नाय म्हणत न्हाई, तात्या. पर पानी पिऊन मी जाऊ कुठं, ते तुमी सांगा."

तात्यांनी पळी पुढच्या माणसाच्या हातावर रिकामी केली.