पेटीवरचा पंखा

आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी माणसांकडे बघायचीच नाही, वर बघायची. घरातली बाई "या, बसा" म्हणत असायची आणि ही उंबऱ्यातच उभी राहून फिरणाऱ्या पंख्याकडे डोळे बारीक करून बघत असायची. मग पाणी पिता पिता निकाल द्यायची, "हा वारा घालत नाही, नुसता फिरतोय." पुष्कळ घरांत तिला शिष्ट म्हणत. म्हणोत बापडे. त्या घरांतले पंखे खरोखरच नुसते फिरत होते.

ती माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर दीड वर्षात सासरहून परत आली ती आमच्याकडेच राहिली आणि अंबरनाथच्या एका कारखान्यात पंख्याच्या मोटारींमध्ये तांब्याच्या तारेची कॉइल भरायच्या कामाला लागली. त्या तारेने तिच्या बोटांना घट्टे पडले होते. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, आमच्या बरॅकीत, सगळी पोरं तिला कॉइलआत्या म्हणायची. मोठी माणसं तोंडावर 'ताई' म्हणायची आणि पाठीमागे 'ती परत आलेली'. तिला दोन्ही ऐकू यायचं.

होळी झाली आणि पत्रे तापायला लागले की मात्र हीच मोठी माणसं आत्याची सुट्टी कधी आहे ते विचारत यायची. पंखा घ्यायचा तर आत्याला घेऊन कॅम्प तीनच्या बाजारात जायचं, असा आमच्या ओळीचा रिवाजच पडून गेला होता. आत्या कुणालाच नाही म्हणायची नाही. चापूनचोपून साडी नेसायची, रिक्षात पुढे बसायची आणि दुकानात शिरली की घेणाऱ्याला कोपऱ्यात उभं करून म्हणायची, "आता तुम्ही बोलू नका."

तिची पारखायची पद्धत ठरलेली होती. दुकानदार पंखा नेहमी जोरात लावून दाखवतो. आत्या तो सगळ्यात हळू करायला लावायची. "संध्याकाळी आपल्याकडे दिवे पिवळे होतात. तेवढ्या विजेवर जो सुरू होईल तो पंखा. बाकीचे थंडीत लावायचे." मग ती मोटारीजवळ कान न्यायची आणि घुमतो का ते ऐकायची. पंधरा मिनिटं चालू ठेवून पंखा बंद करायची, मोटारीवर तळहात ठेवायची आणि पाती एकदा बोटाने ढकलून किती वेळ फिरतात ते बघत बसायची. "चालू असताना सगळेच गुणी असतात. बंद केल्यावर काय ते कळतं," असं तिचं म्हणणं होतं.

एकदा शेजारच्यांसाठी असाच पाचवा पंखा उतरवून घेतल्यावर दुकानातल्या सिंधी शेठची सहनशक्ती संपली. कपाळाला हात लावून तो म्हणाला, "बाई, पंखा लेना है कि इसकी शादी करानी है?"

आत्याने कान मोटारीवरून काढलासुद्धा नाही. "शादी में इतना देखा होता तो आज इधर नहीं बैठती, साईं."

त्या दिवसानंतर ती आली की शेठ स्वतः उठून तिला स्टूल द्यायचा आणि रंगीत कागदातले पंखे बाजूला सारून आतल्या खोलीतला माल काढायचा. मी तेव्हा कॉलेजात होते आणि आत्याबरोबर बाजारात जायला मला लाज वाटायची. ती पंख्याला कान लावून बसली की येणारी-जाणारी माणसं बघायची. आज मला त्या लाजेचीच लाज वाटते.

समोरच्या ओळीतल्या एका काकूंना मुलीच्या लग्नात द्यायला सोनेरी पट्ट्यांचा पंखा हवा होता. आत्या म्हणाली, "झोपताना डोळे मिटलेले असतात. सोनेरी काय करायचंय?" काकू रुसल्या, सोनेरीच घेतला आणि पुढे दोन वर्षं आत्याशी बोलल्या नाहीत. आत्याचं त्यावाचून काही अडलं नाही. पत्र्याखाली राहणाऱ्यांनी छताला पंखा लावला की ती त्यांनाही तोंडावर सुनावायची. "पत्रा तापतो, त्याच्या खालची हवा तापते आणि हा पठ्ठ्या ती सगळी तुमच्या डोक्यावर आणून ओततो. टेबलफॅन घ्या. खिडकीत ओलं गोणपाट लावा आणि हवा खालून खेळवा." लोक ऐकायचे नाहीत. मे महिन्यात परत यायचे.

आणि या बाईला स्वतःला पंखा नव्हता. बाहेरच्या खोलीत वडिलांच्या खाटेशेजारी एक होता, तिनेच निवडलेला. ती आतल्या खोलीत, चुलीशेजारी, भिंतीकडे तोंड करून झोपायची. पगार घरात द्यायची आणि मागायची काहीच नाही. आमच्यापैकी कुणाला ते खटकलं असं म्हणणं खोटेपणा होईल. मलाही खटकलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझं लग्न होऊन मी बदलापूरला गेले आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले ती ऐन मे महिन्यात. मुलगी झाली. मला आतल्या खोलीत ठेवलं. खिडकी बंद, तिच्या फटींत कापडाचे बोळे, खाटेखाली शेगडी, माझ्या कानांना फडकं आणि मुलीला लोकरी टोपडं. बाळंतिणीला सव्वा महिना वारा लागता कामा नये, हे माझ्या आईला तिच्या आईने सांगितलं होतं. वर पत्रा होता, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. चौथ्या दिवसापर्यंत मुलीची मान आणि पाठ घामोळ्यांनी लाल झाली. सातव्या दिवशी ती दूध ओढेनाशी झाली, नुसती कण्हायची. मी उठून बसले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आई म्हणायची, "सगळ्यांचं असंच होतं गं, थोडं सोस."

त्या दिवशी आत्या कामावरून आली, आत डोकावली आणि मुलीच्या पाठीवरून हात फिरवून तशीच बाहेर पडली. दिवेलागणीला परतली ती काखेत टेबलफॅनचं खोकं घेऊनच. त्या दिवशी तिने दुकानात कान लावला की नाही, देव जाणे.

आई आडवी आली. "वन्सं, काय करताय? वारा भरला अंगात तर जन्माचं दुखणं लागेल पोरीला. बदलापूरची माणसं काय म्हणतील?"

"वारा अंगावर नको ना? मग मी तो भिंतीवर सोडते. भिंतीला लागून परत येईल तो वारा नाही, हवा. हवा लागलीच पाहिजे. नाहीतर शेगडीवर वांगं भाजतात, तसं भाजताय तुम्ही या दोघींना."

आवाज ऐकून वडील आत आले. माझे वडील वाईट नव्हते, पण त्यांना घरात आवाज चढलेला चालत नसे, तो स्वतःचा असल्याशिवाय. ते म्हणाले, "ताई, या घरात काय चालेल ते तू ठरवायचं नाहीस."

आत्याने फळीवरची आपली पत्र्याची पेटी खाली ओढली. दोरीवरच्या साड्या, चादर, आरसा, सगळं त्यात भरलं आणि कुलूप लावलं. पेटी खाटेच्या पायथ्याशी ठेवली, पेटीवर पंखा ठेवला, त्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि बटण दाबलं.

"या दोघींना पंख्याने काही झालं, तर मी ही पेटी उचलून निघते. परत तोंड दाखवणार नाही. तोवर पंख्याला कुणी हात लावायचा नाही."

जायला तिला दुसरं घर नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिला तर आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. वडील बाहेर गेले. आत्याने खिडकीतले बोळे काढले, मुलीचं टोपडं सोडलं. तासाभराने मुलगी दूध प्यायली आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा सलग झोपली. मी टक्क जागी होते आणि रडत होते, पण ते सुखाचं रडणं होतं.

त्यानंतर आत्याने उरलेले दिवस अंगावरची आणि अंगणात वाळत राहिलेली, अशा दोनच साड्यांवर काढले. एक अंगावर, एक वाळत. पेटी उघडायची तर पंखा उतरवावा लागला असता, आणि ते तिला मंजूर नव्हतं.

पंधराव्या दिवशी माझ्या सासूबाई मुलीला बघायला आल्या. पंखा बघून त्यांनी आईकडे असं काही पाहिलं की आई भिंतीला टेकली. सासूबाईंनी शेगडीत ओवा टाकून धुरी केली, मुलीला मांडीवर घेतलं, आणि नेमकी मुलगी शिंकली. एकदा नाही, तीनदा. वडील दारात आले. आम्ही सगळे पेटीकडे बघत होतो.

आत्या शांतपणे म्हणाली, "विहीणबाई, ही शिंक धुराची. आता हा धूर बाहेर घालवायला पंखाच जोरात करावा लागणार." आणि तिने तो केला. सासूबाई दोन तास बसल्या. आमच्याकडे हे असलं चालत नाही, असं चार वेळा म्हणाल्या, आणि दर वेळी थोड्या थोड्या पंख्याच्या बाजूला सरकल्या. जाताना त्यांनी तो किती इंची आहे ते विचारून घेतलं.

सव्वा महिन्याने बारसं झालं. मुलगी टुणटुणीत, मी हिंडतीफिरती. आत्या जिंकली होती. पाहुणे गेल्यावर तिने पंखा उतरवून स्टुलावर ठेवला, तोंड नीट भिंतीकडे केलं आणि पेटी उचलली.

आई गोंधळली. "वन्सं, अहो, पोरीला काहीच झालं नाही की. आता कुठे निघालात?"

"अंबरनाथला खोली बघितलीय, कारखान्याच्या वाटेवर." ती वडिलांकडे वळली, पण आवाज चढवला नाही. "महिनाभर ही पेटी भरून इथे पडली होती. ताई, ती उघड, एवढं एकाने म्हटलं असतं तर मी उघडली असती."

एकाने. त्यात मी होते. पाठीवर तिचा वारा घेत मी रोज त्या पेटीकडे बघत होते आणि एवढं एक वाक्य मला सुचलं नव्हतं. तेव्हाही सुचलं नाही. ती रिक्षात बसेपर्यंत मी मुलीला घेऊन दारात उभी होते.

परत आलेली बाई एकटी खोली घेऊन राहते म्हणजे काय, यावर आमच्या ओळीत पुष्कळ दिवस चर्चा चालली. आत्या दर रविवारी मला भेटायला बदलापूरला यायची, ताठ मानेने. पुढच्या उन्हाळ्यात ती मला घेऊन कॅम्प तीनला गेली, स्वतःसाठी पंखा घ्यायला. दुकानात शिरली, एकाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "ये दे दो." शेठ चकित झाला. "आज सुनना नहीं है?" आत्या म्हणाली, "दूसरों के लिए सुनती थी. अपना कब से पता है." त्या खोलीत ती शेवटपर्यंत राहिली, सतरा वर्षं. शेजारच्या बायका तिथेही तिला घेऊन पंखे बघायला जायच्या.

वडील मात्र दीड वर्ष तिकडे फिरकले नव्हते. मग एका भाऊबीजेला सकाळीच गेले. मी मुलीला घेऊन आधीच आत्याकडे आले होते, म्हणून मला ते बघायला मिळालं. ते दाराबाहेरच उभे राहिले. म्हणाले, "ताई, झालं गेलं सोड. चल घरी. भाऊबीज आहे, तुझ्या भावजयीने सगळी तयारी केलीय."

आत्या निरांजनात वात घालत होती. तिने ती पूर्ण घातली, मग मान वर केली.

"भाऊबीजेला भाऊ बहिणीच्या घरी येतो. इतकी वर्षं मी तुला तुझ्याच घरात ओवाळलं, कारण मला घर नव्हतं. आता आहे. चपला काढ आणि आत येऊन बस."

वडिलांनी चपला काढल्या. तिने मांडलेल्या पाटावर ते टोपी सारखी करत बसले आणि आपल्या बहिणीच्या घरी त्यांना पहिल्यांदा ओवाळून घेता आलं.