सांध्याखालचे फुटवे

खाण बंद झाली तेव्हा बाबा पाळी गावात खनिजाचा ट्रक चालवत होते. मालकाने ट्रक विकला आणि बाबा घरी बसले. आई दोन घरची भांडी घासायची. पाववाल्या पोदेराकडून रोज चार उंडे घ्यायचो, त्याचे दोन झाले. शाळेत डबा नाही म्हणून मधल्या सुट्टीत मी वाचनालयात बसायचे. इंग्रजीची गोडी तिथे लागली, हे खरं आहे, पण ती उपाशीपोटी लागली.

मग पार्शात एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, काजूबागेची राखण मिळाली. भाटकार पणजीला राहायचा. बागेतच दोन खोल्या राहायला मिळाल्या. अट एकच होती : नवी लावलेली साठ कलमं जगवायची. जगली तर आम्ही राहणार, नाहीतर पुढच्या पावसाआधी खोल्या रिकाम्या. मी नववीत होते.

बाबांना ट्रकचं सगळं कळायचं, कलमाचं काही नाही. गावी त्यांनी बी टाकून उगवलेले काजूच पाहिलेले. महिन्याभराने कृषी खात्याचा माणूस बघायला आला. "ग्रोथ बरी आसा," म्हणाला आणि एक इंग्रजी पत्रक देऊन गेला. बाबांनी पत्रक देवाच्या फळीवर ठेवलं आणि शब्द तोंडात ठेवला. धाकट्या भावाला जेवताना म्हणायचे, "खा रे, तुझी गिरोथ खंय अडकली?" आई हसायची. "बापाची खयसर झाली ती बघ आधी!" पुष्कळ दिवसांनी घरात कुणी हसत होतं.

श्रावणात कलमांना बुंध्याशी फुटवे आले. जाडजूड, लालसर, हातभर वाढलेले. बाबा खूश. प्रत्येक फुटव्याला त्यांनी काठीचा आधार दिला.

एके दिवशी मी पत्रक वाचायला घेतलं. त्यात लिहिलेलं की सांध्याखालची सगळी 'ग्रोथ' काढून टाकावी. मी थबकले. वाढ कशी काढायची? शाळेत हा शब्द नेहमी चांगल्या गोष्टींसाठी यायचा : मुलांची ग्रोथ, देशाची ग्रोथ. नव्या शाळेच्या वाचनालयातल्या शब्दकोशात पाहिलं. वाढ, वृद्धी असे अर्थ होतेच, पण खाली 'उगवून आलेला भाग' असाही होता, आणि त्याच्याखाली 'शरीरावरची गाठ'. एवढ्याशा शब्दात एवढं सगळं. मग पत्रक कळलं. सांध्याखालचा खुंट रायवळ, बीपासून उगवलेला; वर बांधलेली काडी चांगल्या जातीची. फुटवे खुंटाचे होते, म्हणजे रायवळ.

घरी येऊन बाबांना सांगितलं.

"जीव फुटताहा तो," बाबा म्हणाले, "आणि तेका कोयतो लावू? हाताने लावलेला झाड कोण कापता काय?"

"बाबा, लिहिलंय तसं."

"लिवणाऱ्याक काय जाता? घर आमचा जाताला."

दोन दिवस त्यांनी फुटव्यांना हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांना हात धरून एका कलमाशी नेलं. खालचे फुटवे माझ्या गुडघ्याला लागत होते. सांध्यावरची काडी वीतभरच, पानं पिवळी. बाबा उकिडवे बसले. सांध्यावर बोट ठेवून बराच वेळ वर-खाली बघत राहिले.

"ह्या वरचा उपाशी आसा गो," हळूच म्हणाले.

कोयता आणला. एकेका कलमापाशी बसून, फुटव्यावर हात फिरवून, "राग मानू नको हां" म्हणत ते कापत गेले. मागून मी आधाराच्या काठ्या गोळा करत होते. सात कलमांना उशीर झाला होता. त्यांची वरची काडी वाळूनच गेली होती.

भाटकार आला तेव्हा आई दाराआड उभी होती. मला वाटलं बाबा म्हणतील, वाळवी लागली.

"सात मेली. माजी चूक," बाबा म्हणाले. "फुटवे वाढवलंय मी. ह्या चेडवान वाचून सांगितल्यान, म्हणून बाकीची आसत."

भाटकाराने सगळी बाग फिरून पाहिली. परत आला तो माझ्याकडे बघून म्हणाला, "कितवी गो तू?"

"नववी."

"शिक," म्हणाला. बाबांना सांगितलं, "सातांच्या जाग्यार नवीं लाय. राव हांगाच." खोल्या आमच्याकडेच राहिल्या.

त्या दिवसापासून घरातला प्रत्येक छापील कागद बाबा आधी माझ्याकडे द्यायला लागले, औषधाच्या खोक्यावरचं सुद्धा. काही शब्द मला यायचे नाहीत. तसं सांगितलं की म्हणायचे, "बघून ये. मी थांबतंय."

बारावीनंतर मी इंग्रजी विषय घेतला. नातेवाईक म्हणाले, चेडवाक इतक्या कशाक? बाबा म्हणाले, "आमका गरज आसा."

साठही कलमं आता काजू धरतात. आम्ही अजून त्याच दोन खोल्यांत राहतो. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, प्रथम श्रेणीत. आमच्या दोन्ही घराण्यांत कॉलेज पुरं केलेली मी पहिली.